वांगं हाय

आमच्या मळ्यातनं ताटात कधी काही आलंच नव्हतं. जे निघालं ते वखारीत गेलं, आणि वखारीतनं विडीत नाहीतर चंचीत. आजोबांनी तंबाखू केली, वडिलांनी तंबाखू केली. निपाणीच्या काळ्या रानात दुसरंही काही उगवू शकतं, अशी शंका घरात कुणी बोलून दाखवली नव्हती. भाजी आठवड्याच्या बाजारातनं यायची. कोथिंबीर पिशवीतच उगवते, असं मला चौथीपर्यंत वाटत होतं.

त्यामुळं 2018 साली पुण्याहून आलेला भाचा जेव्हा म्हणाला, "मामा, आपण फार्म टू टेबल करूया," तेव्हा वडिलांनी विचारलं, "टेबलाचं भाडं किती येतंय रे दिवसाला?" त्यांना वाटलं, पोरगं मंडप डेकोरेशनचं बोलतंय.

मग भाच्यानं लॅपटॉप उघडला. अमेरिकेत बर्कली म्हणून गाव आहे, तिथं ॲलिस वॉटर्स या बाईंनी 1971 साली 'शे पनीस' नावाचं हॉटेल काढलं. जवळच्या शेतांतनं ताजं जे येईल त्याचं जेवण. सुरुवातीला तर रोज एकच ठरलेलं ताट. गिऱ्हाइकानं काय खायचं ते स्वयंपाकघर ठरवणार, आणि गिऱ्हाईक वर पैसे मोजून खूश होणार. आईनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे खानावळच की." वडिलांच्या कानात मात्र 'पनीस'चं 'पनीर' झालं होतं. "बघ," ते मला म्हणाले, "तिकडं अमेरिकेतबी पनीरच करत्यात. आणि तू वांगी लावाय निघालास."

त्यांना पुढचं दिसत होतं, हे मला पहिल्याच रविवारी कळलं.

निपाणी सोडून तवंदी घाटाकडं निघालं की हायवेपासून अर्धा किलोमीटर आत आमचं पत्र्याचं शेड आहे. आठ टेबलं, एक चूल, दोन गॅस (चूल दर्शनी भागात, गॅस मागं, 'चुलीवरचं' असा बोर्ड लावलेल्या कुठल्याही हॉटेलात मागं जाऊन बघा). शेडच्या पाठीमागं अडीच एकर. नियम एकच: जे रानात आहे तेच ताटात. हा नियम भाच्याचा. भाचा सहा महिन्यांत पुण्याला परत गेला, नियम आमच्याकडं राहिला.

मोसमी जेवण म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं एक टोपली येते. तिच्यात दोन गाजरं, एक कोबी, लाल टोमॅटो, हिरवी मेथी, वर दवाचे थेंब. ज्यानं हे चित्र काढलं त्यानं दहा गुंठे वांगी कधी लावली नसणार. रान थोडं थोडं देत नाही. आधी तीन महिने ते काहीच देत नाही, आणि मग एका मंगळवारी सगळं देतं. मार्गशीर्षात आमच्याकडं एक दिवसाआड तीन क्रेट वांगी निघतात. आठ टेबलं कितीही भुकेली असली तरी एका क्रेटच्या पुढं जात नाहीत. उरलेल्या दोन क्रेटचं काय करायचं हा प्रश्न ज्याला पडला नाही, त्यानं शेती आणि हॉटेल यांच्यावर एकत्र बोलू नये.

दुपारी साडेबाराला संवाद सुरू होतो.

"काय हाय आज?"

"वांगं हाय."

"आणि?"

"भरीत हाय."

"भरीत कशाचं?"

यावर मी गल्ल्यातली चिल्लर मोजायला घेतो.

आमच्या स्वयंपाकघराच्या मालकीणबाई म्हणजे आक्का. कागदोपत्री मालक मी आहे, पण कागद चुलीपासून लांब ठेवलेले बरे. आक्का सकाळी क्रेटसमोर पाट टाकून बसते. एकेक वांगं अंगठ्यानं दाबून बघते, देठाचे काटे नखानं उडवते, देठ न तोडता चार फाका करते आणि ते उजेडाकडं धरते. एक्स-रे बघणाऱ्या डॉक्टरच्या चेहऱ्यावर असतात तसले भाव. अळी असली तर वांगं डावीकडं, म्हशीकडं. नसली तर बारकी भरायला, मोठी भाजायला, मधली रश्श्याला. तिच्या हातांत हे इतकं बसलंय की ती त्याच वेळी सुनेच्या तक्रारी सांगत असते आणि दोन्हींकडं तिची चूक होत नाही.

एकाच वांग्याची सात सोंगं आम्ही काढली. भरलं वांगं, भरीत, काप, वांगी-बटाट्याचा रस्सा, वांगीभात, सुकटीतलं वांगं आणि एण्णेगायी. यातलं भरलं वांगं आणि एण्णेगायी या दोन वेगळ्या भाज्या आहेत, असं आम्ही छातीठोकपणे सांगतो. ऑर्डर मराठीत आली की कांदा-लसणाची चटणी सढळ. "इवत्त एनैती?" असं कन्नडमध्ये विचारत आली की कारळं आणि शेंगदाण्याचं कूट सढळ. वांगं तेच, रान तेच, आक्का तीच. सीमाप्रश्नाचा एवढा स्वस्तातला तोडगा अजून कुठल्या आयोगाला सुचलेला नाही.

पण खरी पंचाईत पुढंच आहे. आमच्या गावचं, शेजारच्या गावचं गिऱ्हाईक आमच्याकडं फिरकत नाही. का फिरकावं? ज्या आठवड्यात माझ्या रानात वांगी फुटतात त्याच आठवड्यात त्याच्याही रानात फुटतात. एकदा ओळखीचे एक मामा बायकोमुलांना घेऊन गाडीवरनं चालले होते. मी हात करून थांबवलं. "या की मामा, जेवून जावा."

"काय केलंयसा?"

"भरलं वांगं."

मामा गाडी बंद न करताच म्हणाले, "आमच्यातबी वांगीच हाईत गा. ती चुकवायलाच भाईर पडलोय." एवढं बोलून त्यांनी गाडीच्या हँडलला अडकवलेली पिशवी काढून माझ्या हातात दिली. "ही ठेवा तुमच्याकडं. हॉटेलात खपत्यात." पिशवीत चार किलो वांगी होती.

अशा पिशव्या दर हंगामात येतात. पावणेरावळे, शेजारी, भावकी, सगळ्यांची जास्तीची वांगी प्रेमानं आमच्या दारात. नको म्हटलं तर राग, घेतली तर क्रेट. बायको एकदा शांतपणे म्हणाली, "हॉटेल काढलंय का वांग्यांचा अनाथाश्रम?"

मामा मंडळी कुठं गेली ते मला ठाऊक आहे. गोबी मंचुरी खायला. संध्याकाळी कुठल्याही चौकात उभं राहा, गोबीच्या गाड्यावर जेवढी गर्दी असते तेवढी किराणा दुकानात नसते. याच शेतकऱ्यांचा फ्लॉवर मार्केटला जाऊन, रंग लावून, सोयासॉस पिऊन परत याच शेतकऱ्यांच्या पोटात येतो. शेतातनं ताटात म्हणतात ते याहून वेगळं काय असतं? 2024च्या मार्चमध्ये कर्नाटक सरकारनं गोबीतल्या कृत्रिम रंगावर बंदी घातली, तेव्हा मला वाटलं, आपले दिवस आले. मी ब्याडगी मिरची भिजवून, वाटून, तिच्या रंगाची गोबी करून बघितली. ब्याडगीला 2011 साली भौगोलिक मानांकन मिळालंय ते काही उगीच नाही. सुरकुतलेली, तिखटाला बेताची, पण रंग असा की कुंकू फिकं. गोबी दिसायला झकास झाली. पहिलं गिऱ्हाईक एक कॉलेजचं पोरगं. चार घास खाल्ले आणि म्हणालं, "काका, चांगलंय, पण गोबीगत लागंना." मग कशागत लागतंय रे? त्यानं जरा विचार केला. "भाजीगत."

तर आमचं गिऱ्हाईक म्हणजे हायवेचं. पुण्याहून गोव्याला, बेंगळुरूहून मुंबईला जाणारं. ते उतरतं, चुलीचा फोटो काढतं, आक्काचा काढतं, म्हशीचा काढतं. "किती ऑथेंटिक!" म्हणतं. फळ्यावर लिहिलेलं भक्तिभावानं वाचतं. आणि मग त्यांच्यातला कुणीतरी एक, बहुतेक वेळा मेहुणा, हळूच मला बाजूला घेऊन विचारतो, "पनीरचं काही आहे का?" मी म्हणतो, आम्ही फक्त मोसमी देतो. तो म्हणतो, "बरं, मग पनीरचा सीझन कधी असतो?"

फळ्यावरनं आठवलं. आमच्या मुलखात बोर्ड म्हणजे पोरखेळ नव्हे. येळ्ळूरच्या वेशीवर 'महाराष्ट्र राज्य' असा फलक होता, तो 2014च्या जुलैत पाडला, आणि पुढं काय काय झालं ते सगळ्यांनी वर्तमानपत्रांत वाचलंय. त्याच वर्षाच्या 1 नोव्हेंबरला बेळगावचं सरकारी नाव बेळगावी झालं. 2024मध्ये पाट्यांवर साठ टक्के कन्नड असा कायदा झाला. त्या दिवशी मी टेप घेऊन खडूचा फळा मोजला. पण गंमत अशी की आमचा फळा आपोआपच कायद्यात बसत होता. मराठीत 'भाकरी' लिहिलं की तीन अक्षरांत काम होतं, कन्नडमध्ये 'जोळद रोट्टी' म्हणेपर्यंत फळ्याची कड येते. वांग्याचं तेच. आपलं 'वांगं' दोन अक्षरांत आटोपतं, त्यांचं 'बदनेकायी' लांबलचक. झुणक्याला दोन्हीकडं झुणकाच. आणि ज्या शब्दावर आमचा सगळा धंदा उभा आहे तो 'खानावळ' त्यांनी नेला आणि मागं एक वेलांटी लावून 'खानावळी' करून टाकला. विजापूर-हुबळीकडं दर दोन गल्ल्यांआड एखादी बसवेश्वर खानावळी असते. शब्दातला 'खाना' मुळात फारसी. म्हणजे वाद दोघांचा, माल तिसऱ्याचा.

या दोनदोन नावांचं मला काही वाटत नाही. मला मारतात त्या दोनदोन तारखा. कर्नाटकी बेंदूर ज्येष्ठी पौर्णिमेला, महाराष्ट्री बेंदूर आषाढात. बैल एकच, पण भांडी घासणारी बाई पहिला बेंदूर पाळते आणि वाढपी पोरगं दुसरा. आक्का दोन्ही पाळते. तिचं माहेर कर्नाटकी बेंदराचं, सासर महाराष्ट्री बेंदराचं, आणि पुरणपोळी सोडण्याइतकं आपलं वय झालं नाही असं तिचं म्हणणं. कोजागरीला आपण दूध आटवतो, तर तीच कन्नडवाल्यांची शीगी हुण्णिमे. त्या दिवशी काळ्या आईची ओटी भरायची आणि रानात नैवेद्याचा चरग शिंपायचा. म्हणजे हॉटेलातली माणसं रानात, रानातली माणसंही रानात, आणि हॉटेलात मी.

आणि 1 नोव्हेंबर. 1956 साली त्या तारखेला राज्यं बदलली. एक बाजू त्या दिवशी राज्योत्सवाचे लाल-पिवळे झेंडे लावते, दुसरी काळा दिन पाळते. हॉटेल उघडं ठेवावं तर एका बाजूला वाटणार हा फितूर, बंद ठेवावं तर दुसऱ्या बाजूला वाटणार हा फितूर. मी यावर उपाय काढलाय. दर वर्षी 31 ऑक्टोबरच्या रात्री मला ताप येतो. 'मालक आजारी आहेत' अशी दोन भाषांतली पाटी आम्ही जपून ठेवली आहे. ताप 2 तारखेला सकाळी उतरतो.

लोकांचं पोट पंचांगावर चालतं हेही मला हॉटेल काढल्यावरच कळलं. कांदेनवमी झाली की निम्म्या घरांतनं कांदा-लसूण-वांगं हद्दपार, ते चंपाषष्ठीला परत येणार. आमच्या भागात जैन शेतकरी भरपूर. त्यांचा चातुर्मास म्हणजे कंदमूळ नाही, कित्येकांची पालेभाजीही बंद, आणि जेवण सूर्य बुडायच्या आत. श्रावणात मटणवाले गायब. आणि नेमकं याच दिवसांत रान काय देतं? पालेभाजी. बेळगावकडचे पावणे काय पाठवतात? रताळी. म्हणजे जे आहे ते चालत नाही आणि जे चालतं ते नाही. एकदा सप्टेंबरात संध्याकाळी पावणेसहाला एक जैन कुटुंब आलं, सोबत आजी. कांदा नको, लसूण नको, बटाटा नको, पाला नको, आणि सूर्य घाटाकडं कललेला. आक्कानं मुगाचं वरण, भेंडी आणि भाकरी इतक्या झपाट्यानं केली की मला त्या सूर्याची दया आली. आजीनं शेवटचा घास गिळला, पश्चिमेकडं बघितलं आणि मला म्हणाली, "दोन मिनिटं होती अजून."

पावसाळ्यातल्या रानभाज्यांवर आताशा फार लिहिलं जातं, म्हणून मी थोडक्यात आटोपतो. तांदुळजा, पाथरी, घोळ, कुरडू, टाकळा हे सगळं बांधावर फुकट उगवतं आणि पुण्याच्या माणसाला ते आवडतं. आईला मात्र हे अजून पटत नाही. लहानपणी घरात पैसे नसले की हे खायचो, आणि आता लोक हेच खायला पैसे मोजतात, म्हणजे नक्की कुणाची परिस्थिती बिघडली, असं तिनं एकदा विचारलं. आमच्याकडं उत्तर नव्हतं, म्हणून आम्ही ताटाची किंमत वाढवली.

पण पावसाळा म्हणजे आमच्यासाठी 2019चा ऑगस्ट. यमगर्णीजवळ वेदगंगेचं पाणी हायवेवर आलं, पुढं कोल्हापूरजवळ शिरोलीला पंचगंगेचं. पुण्याकडं जाणारा रस्ता बंद. निपाणीपासून ट्रकांची रांग लागली ती आमच्या वळणाच्याही पुढं गेली. मी छत्री घेऊन रांग बघायला गेलो तर वडील आधीच तिथं, डोक्यावर पोतं घेऊन उभे. म्हणाले, "असा हायवे मी एकदाच बघितला होता."

1981चं म्हणत होते ते. मार्च-एप्रिलात तंबाखूच्या दरासाठी शरद जोशींच्या मागं हजारो शेतकरी याच रस्त्यावर ठाण मांडून बसले होते. वडील तेव्हा तरुण होते. गावागावांतनं भाकऱ्यांची गाठोडी यायची. शेवटी 6 एप्रिलला गोळीबार झाला, शेतकरी गेले. त्या दिवसाबद्दल ते बोलत नाहीत. भाकऱ्यांबद्दल बोलतात. त्या पावसातही तेवढंच बोलले: "रस्ता थटला की पहिली भाकरी लागती. तुझ्या आक्काला सांग, पीठ मळाय घे."

पहिल्या दिवशी दोनशे भाकऱ्या झाल्या. रानात होता फक्त दोडका. दोडका ही भाजी देवानं माणसाची परीक्षा बघायला केली असावी, असं माझं मत. पण तीन दिवस भिजलेल्या माणसाला दोडकाही गोड लागतो. तमिळनाडूच्या ड्रायव्हरांना भात हवा होता, पंजाबच्या सरदारजीला भाकरी म्हणजे जळलेली चपाती वाटली, पण पाचवी खाताना ते काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी कोलारहून टोमॅटो घेऊन आलेला एक ड्रायव्हर डोक्याला हात लावून बसला. माल सडायला लागला होता. त्यानं मालकाला फोन लावला, मालकानं शिव्या दिल्या, मग म्हणाला, वाटून टाक. आमच्या अंगणात चाळीस क्रेट उतरले. त्या आठवड्यात टोमॅटोचं सार, टोमॅटोची चटणी, टोमॅटोचा रस्सा, टोमॅटोतलं पिठलं. रानातनं ताटात म्हणतात ते हेच. रान तेवढं सहाशे किलोमीटरवरचं होतं.

पाणी उतरलं, ट्रक गेले, हिशेब केला तर पहिल्यांदाच महिना फायद्यात. त्यानंतर पुढची दोन वर्षं पावसाळ्यात माझ्या तोंडून "जरा पाणी वाढलंय वाटतं" असं निघालं की बायको ज्या नजरेनं बघायची ते मी इथं सांगत नाही. 2021च्या जुलैत पुन्हा रस्ता बंद झाला तेव्हा तिनं दारातच मला अडवलं. "खूश दिसायचं न्हाई," म्हणाली. "चारचौघांत जायाचंय."

ऋतू सहा असं शाळेत शिकवतात. आमच्याकडं सातवा आहे, अधिवेशन. बेळगावात सुवर्ण विधानसौध 2012 साली झालं आणि आता डिसेंबरात बहुतेक वर्षी सगळं सरकार बेंगळुरूहून उठून दहा-बारा दिवस बेळगावात येतं. आमदार, सचिव, त्यांचे ड्रायव्हर, त्यांचे मोर्चे. बेळगावातली हॉटेलं भरतात. आमच्याकडं येतं ते शनिवार-रविवारी, कोल्हापूरला अंबाबाईच्या दर्शनाला जाताना. तिकडनं येताना डोळ्यांत तांबड्या रश्श्याचं पाणी असतं आणि त्यांना काहीतरी सात्त्विक हवं असतं. वांगी तेव्हा ऐन भरात. एका साहेबांनी एण्णेगायी खाल्ली आणि कन्नडमध्ये म्हणाले, अगदी आमच्या गदगसारखी. त्यांच्यामागच्या टेबलावर साताऱ्याचे एक गुरुजी होते, ते भरलं वांगं खाऊन म्हणाले, अगदी आमच्या साताऱ्यासारखं. एकाच कढईतलं होतं. मी दोघांनाही वाकून नमस्कार केला.

याच दिवसांत, मार्गशीर्षी पौर्णिमेच्या आसपास, कोल्हापूरकडनं सौंदत्तीला यल्लम्माच्या यात्रेला गाड्याच गाड्या जातात. एका दुपारी तीन एसट्या आमच्या आवारात वळल्या. दीडशे माणसं! मी आक्काकडं धावलो, आक्का पिठाकडं धावली. माणसं उतरली, झाडाखाली पटकुरं अंथरली, गाठोडी सोडली. भाकरी, वांग्याची भाजी, मेथी, दही, सगळं घरनं आणलेलं. माझ्याकडं येऊन एक आजी म्हणाली, "बाळा, दोन कांदं असलं तर बघ की. आणि पाणी." कांदे दिले. निघताना तिनं मूठभर भंडारा माझ्या कपाळाला लावला आणि उरलेली वांग्याची भाजी केळीच्या पानात बांधून माझ्या हातात ठेवली. "जेवला न्हाईस वाटतं, पोरा."

मी जेवलो. आक्काच्या भाजीपेक्षा चांगली होती. हे आक्काला सांगितलेलं नाही.

उन्हाळ्यात रानात काही नसतं. विहीर तळाला, वांग्याच्या काड्या सरपणाला. खानापूर-चंदगडकडच्या बायका पानांच्या द्रोणांतनं करवंदं आणि जांभळं आणतात, तेवढंच काय ते ताजं. पण उन्हाळ्यातच वर्षाचं खरं काम होतं, ते म्हणजे चटणी. आमच्याकडं चटणी म्हणजे कांदा-लसूण घातलेलं लाल तिखट, हे पुण्याच्या गिऱ्हाइकाला माहीत नसतं. एकानं इडलीसोबत लागते तशी वाटीभर मागितली, पोरानं वाटीभर दिली, आणि नंतर ते गृहस्थ बराच वेळ नळाखाली होते. चटणीत मिरची दोन जातींची. रंगाला ब्याडगी, तिखटाला संकेश्वरी. ही संकेश्वरी आमची शेजारीण, लांबट, सडपातळ, दिसायला गरीब. तिच्या दिसण्यावर जाऊ नये. मिरच्या वाळवायच्या, देठ खुडायचे, तेलाच्या बोटानं परतायच्या. धणे, तीळ, खोबरं, खडा मसाला वेगवेगळं भाजायचं, आणि सगळं घेऊन डंकावर. डंकावर मिरची कुटायला लागली की रांगेतली सगळी माणसं एकमेकांशी भांडल्यासारखी शिंकतात. तिथं भाषेचा प्रश्न उरत नाही. शिंक कन्नड की मराठी ते अजून कुणाला ओळखता आलेलं नाही. घरी आणून त्यात लसूण-कांदा-कोथिंबीर मिसळून परत कुटायचं, बरण्या भरायच्या, वर हिंगाचा खडा. त्या बरण्यांवर वर्ष निघतं. पावसात, पुरात, तापात, अधिवेशनात. एखाद्या मे महिन्यात आमच्या फळ्यावर नुसतं एवढंच असतं: भाकरी, चटणी, तेल, कांदा. खाली भाच्यानं जाताना शिकवलेला शब्द, 'मिनिमल'.

दिवाळीच्या आधी आप्पाच्या वाडीला हालसिद्धनाथाची यात्रा भरते. तिथं भाकणूक होते: पाऊस कसा, धान्याचा भाव कसा, राजकारणात काय उलथापालथ, सगळं ऐकायला मिळतं. वडील एकही वर्ष चुकवत नाहीत. गेल्या वर्षी ते पहाटे परत आले, मी अंगणात पेपर वाचत होतो. म्हटलं, "वांग्याचं काही निघालं काय?"

"न्हाई," ते म्हणाले. मग चंची सोडत, "तंबाखूचंबी न्हाई."

जेवणानंतर गिऱ्हाईक बडीशेप मागतं. बडीशेप आमच्या रानात होत नाही, म्हणून आम्ही ठेवत नाही. नियम म्हणजे नियम. पण गल्ल्याशेजारी खुर्चीवर वडील बसलेले असतात. बांधाच्या कडेला त्यांनी मला न विचारता तंबाखूची दहा-बारा रोपं दर वर्षी लावलेली असतात. शेंडे स्वतः खुडतात, फुटवे स्वतः काढतात, पानं पत्र्यावर स्वतः वाळवतात. आक्काच्या वांग्यांना जेवढी माया मिळत नाही तेवढी त्या रोपांना मिळते.

परवा पुण्याच्या एक बाई बिल द्यायला आल्या. तासभर त्या सगळं विचारत होत्या. भाकरीची ज्वारी कुठली, तेल कुठलं, दही कुणाच्या म्हशीचं. वडिलांनी चंची उघडली, तळहातावर चिमूट घेतली, चुना लावला. बाई थांबल्या.

"आजोबा, ही पण तुमच्याच शेतातली?"

2018पासून त्या शेडमध्ये येणाऱ्या एकाही माणसानं वडिलांना त्यांच्या पिकाबद्दल विचारलं नव्हतं. त्यांनी मळायचं थांबवलं. माझ्याकडं एकदा बघितलं, बाईंकडं बघितलं. मग खुर्ची पुढं ओढली आणि म्हणाले, "बसा की वयनी. सांगतो."

बाईंनी पिशवीतनं वही काढली. मागं त्यांचे यजमान गाडीचा हॉर्न वाजवत होते, आणि त्यांचा मेहुणा माझ्या कानाशी येऊन विचारत होता, संध्याकाळसाठी पनीर कुठं मिळेल.